लाल रेघेखालचा बोल्ट

माझा काका एक्कावन्नाव्या वर्षी प्रेमात पडला आणि त्यापायी आमच्या कारखान्याचा पल्पर चार दिवस बंद पडत राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे पाचव्या दिवशी सगळ्यांना कळलं. मला खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. चूक घडली तेव्हा मी तिथंच उभी होते, स्टोअरमधून आणलेली पिशवी हातात धरून, हसू दाबत.

कारखाना पुठ्ठ्याचा. एका दारानं रद्दी आत येते, दुसऱ्या दारानं पुठ्ठ्याचे गठ्ठे बाहेर जातात, आणि मधे पल्पर नावाची एक भलीमोठी टाकी आहे. तिच्यात रद्दी पाण्याबरोबर घुसळली जाते आणि लगदा होतो. घुसळणारी मोटर दीडशे हॉर्सपॉवरची. ती थांबली की सगळं थांबतं, आणि माणसं नळापाशी जमून गप्पा ठोकायला लागतात. मी तिथं स्टोअर सांभाळते. काका विजेचा फिटर, अठ्ठावीस वर्षांपासून. लोक खिशाला पेन लावतात तसा हा टेस्टर लावून हिंडतो, म्हणून त्याला सगळे टेस्टर म्हणतात. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, तिथंच सुखानं पडून असतं.

माणूस सुतासारखा सरळ, पण शंकेखोर म्हणजे किती. मोटर तापलीय असं कुणी सांगितलं की हा विचारणार, किती. आवाज येतोय म्हटलं की, कसा, कधीपासून, चालू होताना की बंद होताना. घरीही तेच. लग्न केलं नाही, त्यामुळे तो पहिल्यापासून आमच्याकडेच राहतो. जेवताना फ्रीजचा सूर जरा बदलला की घास तोंडात तसाच धरून कान देतो, आणि आई म्हणते, "भाऊजी, आधी गिळा. फ्रीज कुठं पळून जात नाही."

बिघाड झाला की दहा माणसं दहा कारणं सांगतात. काका त्या सगळ्यांना ओलांडून आधी रिलेपाशी जातो. रिले म्हणजे मोटरीचा पहारेकरी. पॅनेलच्या दारावर बसवलेली छोटीशी पेटी. मोटरीत किती करंट जातोय ते ती सतत मोजत असते, काही वावगं दिसलं की मोटर जळायच्या आत बंद करते, आणि का बंद केली ते पडद्यावर लिहून ठेवते. "आधी रिलेचं ऐकायचं, मग माणसांचं," असं काका म्हणतो. "रिलेला कुणाला खूश करायचं नसतं."

आणि त्याची ती लाल रेघ. पॅनेलमधला बोल्ट पान्यानं पुरता आवळला की तो बारीक कुंचला घेऊन बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढतो. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सलग असली तर बोल्ट जागचा हललेला नाही. असं पुष्कळ ठिकाणी करत असतील, पण आमच्याकडे काकाच्या रेघेला कायद्याचा मान आहे. रेघ मारलेल्या बोल्टला कुणी पुन्हा पाना लावत नाही. एकदा एका नव्या फिटरनं नुसती खात्री करायला लावला होता. काका तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बोलला, आणि मग त्या बिचाऱ्याला आधीचे तीन दिवस बरे होते असं वाटलं.

आता बाई. कारखान्याच्या मागे दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान आहे. जळलेल्या मोटरी तिथं नव्यानं वाइंड होतात, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरतात. दुकान वडिलांचं. वडील, दोन धाकटे भाऊ आणि दुकान सांभाळता सांभाळता बाई शेहेचाळीस वर्षांच्या झाल्या. भाऊ मार्गी लागले, वडील गेले, दुकान राहिलं. आत शिरलं की व्हार्निशचा वास नाकात बसतो. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात मोटरी सुकवायची भट्टी, आणि मधे बुटक्या स्टुलावर बाई, एकेक वेढा मोजत. हाताखाली दोघीजणी. मोजणं चालू असताना छप्पर कोसळलं तरी बाई मान वर करत नाहीत.

काका नेमका याच गोष्टीवर भाळला. "आकडा पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," असं तो आईला सांगत होता, आणि चेहरा असा की जणू कुणी त्याच्या गळ्यात हार घातलाय.

पुढं आठ महिने जे चाललं त्याला प्रेम म्हणायचं तर म्हणा. बाईंनी वाइंड केलेली मोटर आली की काका मेगर, म्हणजे तारांचं आवरण तपासायचं यंत्र, लावून तिची कसून तपासणी करायचा. बाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. एकही तपासणी त्यानं सोडली तर त्या म्हणायच्या, "टेस्टरसाहेब, हे राहिलं." मग दोघं मिळून ते राहिलेलं तपासायचे. बोलणं सगळं भट्टीचं तापमान आणि तारेची जाडी याबद्दल. कुणाच्या हातून पाठवता येईल असं बेअरिंगचं खोकं काका स्वतः पोचवायला जायचा, आणि ते द्यायला दीड तास लागायचा. घरी आरशासमोर त्याचा मुक्काम वाढला. एकदा अंगाला अत्तर लावून कामावर आला तर पॅनेलरूममधे लोक नाक वर करून काय जळतंय ते शोधायला लागले.

आई हे सगळं बघत होती. एक दिवस म्हणाली, "भाऊजी, शर्टाला इस्त्री मी करून देऊ का? कॉलरची एकच बाजू सरळ झालीय."

"ती बाजू भिंतीकडे असते," काका म्हणाला आणि निघून गेला.

तर त्या सोमवारी पल्परची मोटर बाईंच्या दुकानातून वाइंड होऊन परत आली. बसवायला बाई स्वतः आल्या. काका पॅनेलमधे केबलची टोकं जोडत होता. जुनी टोकं काळवंडली होती म्हणून त्यानं माझ्याकडून तांब्याचे नवे लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवून बोल्टखाली धरायच्या टोप्या, मागवले होते. पॅनेल उघडं असताना खोलीत दोघंच असायचं, असा नियम आहे. एक फिटर, आणि दुसरी मी, कारण वीज तोडून जी दोन कुलपं लावतात त्यांतल्या दुसऱ्याची किल्ली स्टोअरकडे असते. बाईंना आत येऊ देऊन काकानं पहिला नियम तिथंच मोडला होता.

तीन केबली, तीन बोल्ट. पहिला त्यानं आवळला, रेघ मारली. दुसरा बोटांनी फिरवून बसवला आणि पाना उचलला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "टेस्टरसाहेब, एक विचारू? तुम्ही लग्न का नाही केलंत?"

काकाचा पाना हवेत राहिला. मग तो म्हणाला, "सतरा नंबरचा पाना लागतो."

"लग्नाला?"

"बोल्टला."

बाई हसल्या. काकाचे कान लालबुंद. त्यानं कुंचला उचलला, रेघ मारली, तिसरा बोल्ट आवळला, त्यावर रेघ मारली, झाकण बसवलं. मी त्याच्या कानांकडे बघत होते, हाताकडे बघायला मला फुरसत कुठं होती.

मोटर सुरू झाली. बाईंनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवलं, मूठ कानाला लावली, ऐकलं आणि मान डोलावली. रद्दी पडायला लागली. काका जमिनीपासून चार बोटं वर चालत होता. आणि चाळीस मिनिटांनी पल्पर थांबला.

रिलेनं लिहिलं होतं, तीन फेजचा करंट सारखा नाही. मोटरीला वीज तीन तारांनी जाते, तिघींनी सारखं ओझं उचलायचं असतं. इथं मधली तार अंग चोरत होती. पुन्हा सुरू केली, तर चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच. मंगळवारी तेच. बुधवारी तर लोक घड्याळ बघून आधीच नळाकडे निघायला लागले.

काकानं रात्रीचा दिवस केला नाही, कारण तो पाच वाजता घरी येतोच, पण दिवस सगळा त्यात घातला. मेगर लावला, मोटर खणखणीत. तिन्ही कॉइली मोजल्या, तिन्ही सारख्या. पॅनेलला येणारं व्होल्टेज बघितलं, तेही तिन्हीकडे सारखं. मोटर थंड असताना सगळं साळसूद, आणि ओझं घेऊन चाळीस मिनिटं झाली की मधली फेज अंग काढून घेते. रेघा त्यानं झाकणाच्या फटीतून टॉर्च मारून बघितल्या. सलग होत्या. विषय संपला.

गुरुवारी मॅनेजरसाहेबांनी बाईंना बोलावलं आणि बाहेरून एक तज्ज्ञही. उन्हाळ्यातसुद्धा टाय लावणारा तो गृहस्थ. त्यानं लॅपटॉप रिलेला जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि निकाल दिला. "येणारं व्होल्टेज सारखं, जाणारा करंट वेगवेगळा. म्हणजे खोट मोटरीच्या वाइंडिंगमधे. तापल्यावर उघडी पडते. मोटर मोठ्या वर्कशॉपला पाठवा. तोपर्यंत रिलेमधलं हे संरक्षण बंद ठेवा, काम चालू राहील."

"पहारेकरी ओरडतोय म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा का?" काका म्हणाला.

टायवाला टाय सारखा करत राहिला. मॅनेजरसाहेब बोलले. ते वाईट माणूस नाहीत, पण चार दिवस पल्पर अडखळला की कुणाचंही डोकं फिरेल. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत मोटरीचा दोष नाही असं सिद्ध झालं नाही, तर ही मोटर मोठ्या वर्कशॉपला जाईल, आणि यापुढं कारखान्याच्या सगळ्याच मोटरी तिकडे जातील.

बाईंच्या दुकानात येणाऱ्या दहा मोटरींतल्या आठ आमच्या. म्हणजे दुकानाला कुलूप, आणि हाताखालच्या दोघी घरी. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. बाईंचा चेहरा पडला नाही, उलट ताठ झाला. त्या काकाला म्हणाल्या, "माझी चूक असली तर तोंडावर सांगा. आणि नसली तर नुसतं नाही म्हणू नका, दाखवून द्या. तुम्ही माझ्या बाजूनं बोललात असं मला ऐकायचं नाही."

कारण लोक तेच बोलत होते. टेस्टर काहीतरी करून बाईंना वाचवणार, असं नळापाशी चाललं होतं. अत्तराचा वास सगळ्यांनी घेतला होता ना.

त्या संध्याकाळी काका जेवेना. ताटात रेघोट्या ओढत म्हणाला, "वहिनी, मोटर खराब निघाली तर तिचं दुकान माझ्या हातानं बुडवायचं. चांगली निघाली तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. दोन्हीकडून मार."

"आणि तिसरं असलं तर?" आई म्हणाली.

"तिसरं काय?"

"तुमचंच काही चुकलं असलं तर."

काकानं आईकडे असं बघितलं की मला ठसका लागला. बाबांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली घेतलं. मग काकालाच हसू आलं. "माझ्या बाजूला लाल रेघ आहे, वहिनी," तो म्हणाला, आणि बरं वाटून त्यानं दोनदा भात वाढून घेतला.

शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्यांना पॅनेलरूममधे बोलावलं. मॅनेजरसाहेब, टायवाला, बाई, मी. दाराबाहेर नळावरची सगळी मंडळी. काका आज शिक्षक झाला होता. म्हणाला, "मोटरीकडच्या टोकाला मी तिन्ही तारा एकेक घर पुढं सरकवल्यात. प्रत्येक तार आता दुसऱ्याच कॉइलला जोडलीय. मोटर त्याच दिशेनं फिरणार. आता खोट कॉइलमधे असली, तर कमी आकडा मधल्या तारेवरून उठून दुसऱ्या तारेवर जाईल. खोट मोटरीच्या अलीकडे असली, तर तो मधल्याच तारेवर बसून राहील. मीटर मी धरणार नाही. साहेब, तुम्ही धरा." आणि त्यानं दोन्ही हात खिशात घातले, चोरी करताना पकडल्यासारखे.

मोटर सुरू झाली. चाळीस मिनिटं म्हणजे काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. वीस मिनिटं तिन्ही तारा गुण्यागोविंदानं चालल्या. मॅनेजरसाहेब क्लॅम्प मीटर या केबलवरून त्या केबलवर लावत आकडे वाचत होते. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं, काही पुटपुटताहेत. नंतर कळलं, मिनिटं मोजत होत्या.

तिसाव्या मिनिटाला साहेब म्हणाले, "कमी होतोय."

"कुठल्या तारेवर?" काकाचा आवाज फुटला.

साहेबांनी तिन्ही पुन्हा तपासल्या. "मधली. मधलीच आहे."

पुढं दहा मिनिटांनी पल्पर थांबला आणि रिलेनंही तेच लिहिलं. मधली. म्हणजे मोटर निर्दोष. बाईंनी डोळे उघडले, आणि त्या बाई, ज्यांना मी कधी पाय आपटतानासुद्धा बघितलं नव्हतं, त्यांनी टाळी वाजवली. काकाचं तर विचारू नका. खिशातून हात काढून तो स्वतःभोवती एक गिरकी मारता मारता राहिला. दाराबाहेर कुणीतरी शिट्टी मारली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाई, मोटरी तुमच्याकडेच," आणि माझा जीव भांड्यात पडला. मी इतकी हसत होते की किल्ली हातातून खाली पडली.

टायवाला हसला नाही. तो विचार करत होता, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. तो म्हणाला, "म्हणजे दोष पॅनेलपासून केबलपर्यंत. हे काम कुणी केलंय?"

काकाची गिरकी जागच्या जागी थांबली.

वीज तोडली, काकानं एक कुलूप लावलं, मी दुसरं. नियमाप्रमाणे बाकीचे बाहेर गेले, बाईसुद्धा. टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली आणि काकानं झाकण काढलं. मधला लग निळाकाळा पडला होता, केबलचं आवरण टोकाशी करपलं होतं. एरवी वास आला असता, पण आमच्या कारखान्यात कुजक्या रद्दीपुढं कुठलाच वास टिकत नाही. बोल्टवर लाल रेघ होती, सलग, सुरेख. काकानं पाना लावलाच नाही. दोन बोटांत बोल्ट धरला आणि फिरवला. बरणीचं झाकण फिरावं तसा तो फिरला.

आवळलेलाच नव्हता. थंड असताना लग कसाबसा टेकून राहायचा, तापला की जोड आणखी बिघडायचा आणि करंट रोडावायचा. वरच्या बाजूचं व्होल्टेज सारखं दिसणारच, कारण दोष त्याच्या खाली होता.

काका खाली बसला, तिथंच, फरशीवर. मला सोमवार आठवला. पाना हवेत, आणि लालबुंद कान. आता हसू येईना. अठ्ठावीस वर्षांत ज्या रेघेवर कुणी हात ठेवला नाही, ती खोटी निघाली होती, आणि दाराबाहेर सगळा कारखाना उभा होता. मी स्टोअर सांभाळते, कुठली वस्तू कशाच्या आड लपवायची ते मला कळतं. हळूच म्हणाले, "काका, कॉन्टॅक्टर गेला म्हण, मोटर चालू-बंद करणारा. माझ्याकडे नवा आहे, आत्ता आणते. कुणाला पत्ता लागायचा नाही. बाई तर सुटल्याच आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. म्हणाला, "अगं, मग उद्या मी रेघ कुठल्या तोंडानं मारू?"

उठला, आणि दार उघडून म्हणाला, "साहेब, या. बाई, तुम्हीही या. बघा."

त्यानं सगळ्यांसमोर तो बोल्ट दोन बोटांनी फिरवून दाखवला. मागे एकदा ज्याच्याशी काका तीन दिवस बोलला नव्हता तो फिटरही तिथं होता. तो बिचारा खालीच बघत होता. काका म्हणाला, "चार दिवस आपण चांगल्या मोटरीला आणि चांगल्या कामाला नावं ठेवली. मीही मनातून घाबरत होतो की त्यांचंच असेल. बाई, माझी चूक. माफ करा."

बाई बोल्टकडे बघत होत्या. कुठला बोल्ट तो, आणि तेव्हा काय बोलणं चाललं होतं, ते त्यांच्या ध्यानात येताना मी बघितलं. गळ्यापासून वर लाली चढत गेली.

काकानं नवा लग घेतला, पाना घेतला आणि मग थबकला. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

बाई मुकाट्यानं बाहेर गेल्या. दाराबाहेरच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं.

तारा पूर्वीच्या जागी लावून पल्पर सुरू झाला. चाळीस मिनिटं झाली, तास झाला, दीड तास झाला. तिन्ही फेज सारख्या. टायवाल्यानं लॅपटॉप मिटला, काकाशी हात मिळवला आणि गेला. मग मॅनेजरसाहेबांनी कपाटातून बिघाडाचा छापील फॉर्म काढला. प्रत्येक मोठ्या बिघाडाला तो भरावाच लागतो, आणि ज्याच्या कामावर संशय घेतला त्याची शेवटी सही लागते. म्हणून काका, बाई, मी, सगळे साहेबांच्या केबिनमधे. दाराच्या काचेला बाहेरून निदान अकरा नाकं चिकटलेली.

काकानं पेन घेतलं. "दोष" या रकान्यात लिहिलं, मधला बोल्ट न आवळता रेघ मारली. "जबाबदार" मधे लिहिलं, मी. "कारण" या रकान्यापाशी अडला. मग लिहिलं, लक्ष नव्हतं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "असं चालत नाही, टेस्टर. वरून तपासायला येतात ते हाच रकाना आधी वाचतात. लक्ष नव्हतं, हे काय कारण झालं? कुठं होतं ते लिहा."

काकानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. ज्या माणसानं आठ महिने तारेच्या जाडीपलीकडे शब्द काढला नव्हता, त्यानं पेन कागदावर टेकवलं आणि तोंडानं म्हणाला, "बाईंकडे."

"काय?"

"लक्ष. बाईंकडे होतं." आणि त्यानं ते अक्षर न अक्षर लिहूनही टाकलं.

काचेवरची नाकं चपटी झाली. मला इतका आनंद झाला की रडूच यायला लागलं, आणि ते लपवायला मी साहेबांचं कॅलेंडर वाचत उभी राहिले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग ते पुढचा रकाना वाचायला लागले. "असं पुन्हा घडू नये म्हणून उपाय."

"उपाय मला माहीत नाही, साहेब," काका म्हणाला. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "आठ महिने झाले. कमी होत नाही."

बाईंनी हात पुढं करून कागद घेतला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, एकेक वेढा मोजावा तसं, बोट ठेवून. "कारण" या रकान्यापाशी बोट थांबलं. बाईंनी मान वर केली नाही. काकाच्या हातातलं पेन काढून घेतलं, रिकाम्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद साहेबांपुढं सरकवला.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, कारण फॉर्म मोठ्यानं वाचायची त्यांना सवय आहे.

"दोघांनी काय बोलायचं ते घरीच बोलून कामावर यावं. त्यासाठी घर एकच असावं."

त्याखाली अंमलबजावणीच्या तारखेचा रकाना होता. काकानं पेन परत मागून घेतलं आणि त्यात आजची तारीख घातली.